अपंगांच्या संस्था आणि त्यांचे विश्वस्त

'आरंभशूर' असा एक मार्मिक शब्द मराठींत आहे. एखादें काम मोठ्या उत्साहानें अंगावर घ्यावयाचें, चार दिवस धांवपळ करावयाची आणि पांचव्या दिवशीं तें दुसऱ्याच्या गळ्यांत टाकून मोकळें व्हावयाचें, हा दोष आपल्या सार्वजनिक जीवनांत इतका परिचयाचा आहे कीं, त्याला स्वतंत्र नांव देणें समाजाला भाग पडलें. हा दोष सर्वांत अधिक नडतो तो अपंगांसाठीं चालविलेल्या शाळा, वसतिगृहें व उद्योगशाळा यांच्या कार्यांत. गणेशोत्सव एका वर्षीं नीट झाला नाहीं तर पुढच्या वर्षीं सुधारतां येतो. वाचनालय चार महिने बंद राहिलें तर वाचक रुसतात, परंतु त्यांचें आयुष्य अडून राहत नाहीं. मूकबधिर मुलांच्या शाळेची गोष्ट निराळी आहे. भाषा आत्मसात करण्याचें वय एकदां निघून गेलें म्हणजे तें परत येत नाहीं, आणि त्या वयांत शाळा बंद पडली तर नुकसान शाळेचें होत नाहीं, मुलाचें होतें.

अपंग मूल सहाव्या वर्षीं संस्थेंत आलें आणि अठराव्या वर्षीं बाहेर पडलें असें धरलें तर त्याचा संस्थेशीं बारा वर्षें संबंध येतो. या बारा वर्षांत काय काय बदलतें तें पाहावें. ज्या गृहस्थानें इमारतीला देणगी दिली त्याचा उत्साह पाटी बसविल्यावर दोन वर्षांत ओसरतो. सरकारी अधिकारी तीन वर्षांनीं बदलून जातो. शिक्षकाला अधिक चांगल्या जागीं नेमणूक मिळाली तर तो जातो, व त्यांत त्याचा दोष नाहीं. मंत्रिमंडळें बदलतात, योजनांचीं नांवें बदलतात, अर्जांचे नमुने बदलतात. मूल मात्र तेंच असतें व त्याची गरजही तीच असते. मग या बारा वर्षांचा धागा अखंड ठेवणारा कोण? याचें उत्तर बहुतेकांस ठाऊक नसतें, कारण तो मनुष्य व्यासपीठावर फारसा दिसत नाहीं. तो म्हणजे संस्थेच्या नियामक मंडळाचा बिनपगारी सभासद. त्याला कोठें विश्वस्त म्हणतात, कोठें पंच, कोठें नुसतेंच 'कमिटीचे मेंबर'.

अशा सभासदाचें काम नक्की काय, तें वर्षानुवर्षें कां करावें लागतें, आणि तें फार वर्षें केल्यानें काय बिघडतें, हे तीन प्रश्न समजून घेण्यासारखे आहेत. सुशिक्षित घरांतून देणगी दिली जाते; पण देणगीची पावती खिशांत घालतांना त्या पावतीमागें उभा असलेला मनुष्य कोण, याची चौकशी क्वचितच होते.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा आहे अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावयास हवी. २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २ कोटि ६८ लक्ष अपंगांची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांपैकीं जवळजवळ ६९ टक्के खेड्यांत राहणारे होते. महाराष्ट्रांतील आंकडा २९ लक्षांच्या वर होता. पण संस्था बहुतेक शहरांत आणि गरजू बहुतेक खेड्यांत, अशी ही विषम वांटणी आहे. बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांतलें चकलांबा हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. हा मुलूख गोदावरीच्या दक्षिणेचा, पावसाच्या भरवंशावर जगणारा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. मुंबई-पुण्यास लोकाश्रयाच्या संस्थांची जी परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली, ती या भागास उशिरां लाभली.

त्यांतच बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात तीं पाडव्याच्या सुमारास परततात. अशा कुटुंबांत पायानें अधू किंवा कानानें बहिरें मूल असलें म्हणजे आईबापांपुढें दोनच वाटा उरतात. एक तर त्याला म्हाताऱ्या आजीपाशीं ठेवावयाचें, नाहींतर फडावर बरोबर न्यावयाचें. पहिल्या वाटेनें त्याचे उपचार थांबतात, दुसरीनें शिक्षण. तिसरी वाट म्हणजे वसतिगृह असलेली विशेष शाळा. परंतु ही वाट खरी ठरण्यास वसतिगृह हंगामभर उघडें राहावें लागतें, दिवाळीच्या सुट्टींत 'मुलें घेऊन जा' असा निरोप फडावर पाठवून चालत नाहीं. आणि तो निर्णय मुख्याध्यापकाचा एकट्याचा नसतो. स्वयंपाकीण, पहारेकरी, औषधपाणी यांचा जादा खर्च मंजूर करणारें मंडळ असावें लागतें. चकलांब्यासारख्या गांवांतील मुलाचें वर्ष वांचतें कीं वायां जातें, हें अशा रीतीनें दूर कोठें तरी एका टेबलाभोंवतीं बसलेल्या सात-आठ माणसांवर अवलंबून असतें.

आपल्या प्रांतांतील अशा संस्थांचा इतिहास पाहिला तर आरंभ बहुधा एका व्यक्तीच्या तळमळींतून झालेला आढळतो. मुंबईंत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत सुरू झाली. १९०० सालीं दुष्काळानें पोरक्या झालेल्या मुलांत अंध मुलें पाहून अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी ॲना मिलार्ड यांनीं मुंबईंत अंधशाळा काढली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९३४ सालीं पुण्यांत अंधशाळा निघाली. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माइल या बाईंनीं १९४७ सालीं मुंबईंत अपंग मुलांसाठीं उपचारकेंद्र उघडलें व त्यांतून एक मोठी संस्था वाढली. बाबा आमटे यांनीं वरोऱ्यास आनंदवन वसविलें तें १९५१ सालीं. पण त्यापूर्वींच, १९४९ सालीं, महारोगी सेवा समिति ही संस्था स्थापन झालेली होती.

हा शेवटचा तपशील लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. तळमळ ही व्यक्तीची असते, पण जमीन, इमारत, ठेव आणि करार हीं व्यक्तीच्या नांवावर ठेवून चालत नाहीं. व्यक्ति आजारी पडते, थकते, मरण पावते. संस्था ही कायद्याच्या दृष्टीनें न मरणारी असते, आणि तिला तें अमरत्व देण्यासाठींच मंडळ लागतें. संस्थापक हा बीं पेरणारा. मंडळ म्हणजे बांध. बांधाकडे पाहून कोणी पिकाचें कौतुक करीत नाहीं, परंतु बांध फुटला म्हणजे माती वाहून जाते.

कायद्याची चौकट थोडक्यांत अशी आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणें किमान सात व्यक्ति एकत्र येऊन संस्था नोंदवूं शकतात. महाराष्ट्रांत अशा धर्मादाय संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालींही नोंद करावी लागते. तिच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. हिशेब दरवर्षीं तपासून घेऊन दाखल करावे लागतात. विश्वस्त बदलला, मरण पावला किंवा नवा घेतला तर नव्वद दिवसांच्या आंत फेरफार अर्ज द्यावा लागतो. संस्थेची जमीन किंवा इमारत आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवांचून विकतां येत नाहीं. शिवाय अपंगांसाठीं संस्था चालवावयाची तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्याप्रमाणें वेगळें नोंदणी-प्रमाणपत्र लागतें. थोडक्यांत, मंडळावर नांव घालणें हा मान नव्हे, तें एक जोखमीचें दायित्व आहे. हिशेबांत घोटाळा झाला तर 'मला ठाऊक नव्हतें' ही सबब विश्वस्ताला वांचवीत नाहीं, कारण ठाऊक करून घेणें हेंच त्याचें काम.

आतां प्रत्यक्ष काम कोणतें? पहिलें काम पैशाचें. उदाहरणादाखल चाळीस मुलांचें एक वसतिगृह धरूं. दर मुलामागें रोजचा जेवणखर्च साठ रुपये मानला तरी दिवसाला २,४०० आणि महिन्याला ७२,००० रुपये होतात. सरकारी अनुदान मंजूर असलें तरी तें हातीं पडण्यास पांच महिने लागले तर तेवढ्या मुदतींत नुसत्या जेवणाची ३,६०,००० रुपयांची तोंडमिळवणी करावी लागते. पगार, वीज आणि औषधें निराळींच. मूल भुकेलें असतां त्याला अनुदानाच्या आदेशाचा क्रमांक सांगून भागत नाहीं. म्हणून शहाणें मंडळ चांगल्या वर्षीं शिल्लक बाजूस ठेवतें, किराणा दुकानदाराचा विश्वास संपादन करून ठेवतें, आणि इमारतीसाठीं आलेली देणगी जेवणावर किंवा जेवणाची देणगी इमारतीवर न खर्चण्याचा कडक नियम पाळतें. हा नियम पाळणें संकटाच्या महिन्यांत किती अवघड जातें, हें ज्यानें खजिनदारी केली तोच जाणे.

दुसरें काम माणसांचें. चांगला मुख्याध्यापक निवडणें, त्याला मोकळेपणानें काम करूं देणें आणि तरीही त्याच्यावर डोळा ठेवणें, या तिन्ही गोष्टी एकदम साधावयाच्या असतात. जें मंडळ रोज उठून शाळेंत ढवळाढवळ करतें तें शिक्षकांचें तेज मारतें. जें मंडळ वर्षांतून एकदां सभेपुरतें येतें तें शिक्षकांना अनाथ करतें. मध्यम मार्ग असा कीं, काय साधावयाचें हें मंडळानें ठरवावें, कसें साधावयाचें हें शिक्षकांवर सोपवावें, आणि साधलें कीं नाहीं हें पुन्हा मंडळानें तपासावें.

तिसरें काम मुलांच्या सुरक्षिततेचें. हें सर्वांत नाजूक व सर्वांत दुर्लक्षित. ज्या मुलाला बोलतां येत नाहीं, ज्याला दिसत नाहीं, किंवा ज्याची समज वयाच्या मानानें कमी आहे, तें आपल्यावरील अन्याय सांगणार कसा? अशा मुलाची तक्रार शब्दांत येत नाहीं. ती उतरलेल्या चेहऱ्यांत, न खाल्लेल्या जेवणांत, एखाद्या खोलींत जाण्याच्या भीतींत दिसते. म्हणून सभासदानें आधीं न कळवितां वसतिगृहांत जावें, मुलांच्या पंगतींत बसून जेवावें, स्नानगृहाच्या कड्या पाहाव्या, रात्रपाळीला कोण असतें तें विचारावें. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ सालीं स्वतंत्र कायदा झाला आहे व असा प्रकार कळला असतां पोलिसांस वर्दी न देणें हा त्या कायद्याखालीं गुन्हा आहे. 'संस्थेचें नांव जाईल' म्हणून गप्प बसणारा विश्वस्त संस्थेचें नांव राखीत नाहीं, तो मुलांचा विश्वास विकतो.

चौथें काम स्मरणाचें. कोणती जमीन कोणत्या अटीवर मिळाली, कोणत्या देणगीदारानें व्याज कशासाठीं खर्चावें असें सांगितलें, मागें एकदां फी लावून पाहिली तेव्हां कोणाचीं मुलें शाळा सोडून गेलीं, हें सर्व कोठें तरी नमूद असावें लागतें. तें इतिवृत्ताच्या वहींत असतें, पण वहींतल्या चार ओळींमागील कारण जुन्या सभासदाला ठाऊक असतें. दीर्घ सेवेचा खरा लाभ येथें आहे. नव्या सभासदाला वाटतें, ही पद्धत वेडगळ आहे, मोडून टाकूं. जुना सांगतो, ती तशी कां पडली. दोघे एकमेकांचें ऐकतील तर संस्था चुकत नाहीं.

पांचवें काम दारें उघडण्याचें. अपंग तरुणाला शिक्षण देऊन भागत नाहीं. त्याला काम द्यावयास कोणी तरी तयार व्हावें लागतें. या बाबतींत विजय मर्चंट यांचें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९११ ते १९८७ हा त्यांचा जीवनकाल. क्रिकेटमध्यें त्यांची कीर्ति एवढी कीं, प्रथमश्रेणीच्या सामन्यांतील त्यांची ७१.६४ ही सरासरी दीर्घकाळ ब्रॅडमनच्या खालोखाल गणली गेली. १९५१ सालीं दिल्लीस इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून त्यांनीं कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. पण तेवढ्यावर त्यांची सार्वजनिक कामगिरी संपली नाहीं. गिरणी-उद्योगाशीं त्यांचा निकट संबंध होता, आणि १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या व इतर अपंग-संस्थांच्या कामीं त्यांनीं पुढें अनेक वर्षें आपलें वजन खर्च केलें. कारखानदाराच्या दाराशीं अंध तरुण स्वतः गेला तर पहारेकरी त्याला आंत सोडीत नाहीं. मर्चंट गेले तर मालक उठून उभा राहतो. आपल्या कीर्तीचा उपयोग दुसऱ्यासाठीं दार उघडण्याकडे करावा, आणि तोही एका समारंभापुरता नव्हे तर वर्षानुवर्षें, हें त्यांच्या सेवेचें मर्म.

परंतु या चित्रांत एक उणीव राहते. दार उघडणारा डोळस आणि आंत जाणारा अंध, देणारा धडधाकट आणि घेणारा पंगु, ही वांटणी कायमची असावी काय? त्याच संस्थेनें याला निराळें उत्तर दिलें. डॉ. राजेंद्र व्यास आणि कॅप्टन एच. जे. एम. देसाई हे स्वतः दृष्टिहीन गृहस्थ तिचे दीर्घकाळ प्रमुख पदाधिकारी होते. कोल्हापुरास नसीमा हुरजूक या बाईंनीं याहून पुढचें पाऊल टाकलें. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील शरीर लुळें पडल्यानें त्यांना चाकाच्या खुर्चीचा आश्रय करावा लागला. सरकारी नोकरी करीत असतांनाच त्यांनीं १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सहकाऱ्यांसह स्थापिली, आणि अनेक वर्षें तिचें अध्यक्षपद सांभाळलें. 'चाकाची खुर्ची' हें त्यांचें आत्मकथन मराठी वाचकांस परिचित आहे. वसतिगृह, शाळा, उद्योग अशीं त्या संस्थेचीं अंगें वाढत गेलीं, आणि त्यांची आंखणी करणारी व्यक्ति ती गरज स्वतःच्या देहानें जाणणारी होती.

यानें व्यवहारांत काय फरक पडतो, हें एका साध्या उदाहरणावरून कळेल. चाकाच्या खुर्चीसाठीं शाळेला उतार बांधावयाचा आहे. नियम असा कीं, एक फूट चढण्यासाठीं निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. मंडळांतील सर्व सभासद पायांनीं धड असले तर कंत्राटदार सहा फुटांचा उतार दाखवितो, जागा वांचते, पैसे वांचतात, आणि मंजुरी मिळते. उद्घाटनाच्या दिवशीं दोघे जण खुर्ची ढकलून वर नेतात व टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवसापासून ढकलणारे नसतात, आणि मूल पायथ्याशीं बसून राहतें. मंडळांत एक जरी सभासद खुर्चीवरून आलेला असता तरी तो नकाशा पाहूनच म्हणाला असता कीं, हा उतार नव्हे, ही घसरगुंडी आहे. दयाळूपणानें ही चूक टळत नाहीं, जाणतेपणानें टळते. २००६ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानें, ज्याला भारतानें २००७ सालीं मान्यता दिली, अपंगांविषयींचे निर्णय घेतांना त्यांचा सल्ला व सहभाग घ्यावा हें तत्त्व मान्य केलें. २०१६ चा आपला कायदाही त्याच करारावर उभारलेला असून त्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मानलीं आहेत. दिल्लींत मान्य झालेलें तत्त्व तालुक्याच्या संस्थेंत पोंचलें कीं नाहीं, हें पाहण्याची खूण सोपी आहे. सभेच्या टेबलाशीं कोण बसतें, तें पाहावें.

आतां दीर्घ सेवेच्या दुसऱ्या बाजूकडे वळावयास हवें. वीस वर्षें विनावेतन राबलेल्या मनुष्याविषयीं कठोर बोलणें जिवावर येतें. तरी अनुभव असा आहे कीं, टिकून राहणें आणि चिकटून राहणें यांत एका बारीक रेषेचें अंतर असतें, आणि ती रेषा ओलांडणाऱ्याला दिसत नाहीं. ज्यानें आपल्या उमेदीचीं वर्षें संस्थेला दिलीं त्याला हळूहळू वाटूं लागतें कीं, संस्था म्हणजे मीच. मग नवा सभासद घ्यावयाचा तो आपल्या शब्दाबाहेर न जाणारा. हिशेब विचारला तर तो अपमान वाटतो. अध्यक्षपद वडिलांकडून मुलाकडे वतनासारखें जातें. अपंग मुलें वार्षिक समारंभांत मिठाई घेण्यापुरतीं व्यासपीठावर चढतात, आणि मोठीं झाल्यावर त्यांना कोणी सभासद करून घेत नाहीं. अशा संस्थेचा प्रमुख गेला म्हणजे किल्ल्या कोठें आहेत हेंसुद्धां कोणास ठाऊक नसतें, आणि इतकीं वर्षें राखलेलें कार्य सहा महिन्यांत विस्कटतें. ज्या दीर्घ सेवेनें मुलाच्या बारा वर्षांचा धागा जपावयाचा, तीच तो धागा तोडण्यास कारण होते.

हा दोष ओळखूनच महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यांत दुरुस्ती केली व तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एकचतुर्थांशापुरती मर्यादित केली. कायदा दाराला कडी घालूं शकतो, पण घराला वळण लावूं शकत नाहीं. तें वळण मंडळानें स्वतःच लावून घ्यावयाचें असतें. एका वेळीं सर्वांची मुदत संपूं नये, तिसरा हिस्सा सभासद पाळीपाळीनें निवृत्त व्हावे, म्हणजे जुनें स्मरणही राहतें व नवें रक्तही येतें. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार यांनीं आपल्या हाताखालीं एकेक माणूस दोन वर्षें तरी तयार करावा. पैशाच्या धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्या व त्या दोघे एकाच घरचे नसावे. निवृत्त झालेल्या सभासदानें सल्ला विचारला तर द्यावा, न विचारला तर मौन धरावें. आणि निदान दोन जागा अपंग व्यक्तींच्या व एक जागा अपंग मुलाच्या पालकाची अशी घटनेंतच लिहून ठेवावी. ती उपकार म्हणून नव्हे, कामाची आवश्यकता म्हणून.

हें सर्व ऐकून एखाद्यास वाटेल कीं, असे विश्वस्त व्हावयास मोठे कारखानदार किंवा विद्वान हवेत. तसें मुळींच नाहीं. चकलांब्यासारख्या मोठ्या गांवांत, किंवा गेवराईसारख्या तालुक्याच्या ठिकाणीं, या कामाला लागणारीं माणसें आजही आहेत. निवृत्त पोस्टमास्तराला वही नेटकी ठेवतां येते. किराणा दुकानदाराला मालाचा भाव व तोल कळतो, त्याच्यापुढें कोठीचा खोटा हिशेब टिकत नाहीं. सहकारी पतपेढींतील कारकुनाला ताळेबंद वाचतां येतो. आरोग्यकेंद्रांतील परिचारिकेला कोणत्या मुलाला कधीं तपासावयास न्यावें तें समजतें. ऊसतोडीला जाणारी आई हंगाम केव्हां सुरू होतो व केव्हां संपतो, तें पंचांगापेक्षां अचूक सांगते. आणि काठी टेकीत गांवभर हिंडणारा तरुण कोणत्या ओट्यावर चढतां येत नाहीं, तें सर्वांत चांगलें जाणतो. ग्रामपंचायतीनें आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचा पांच टक्के भाग अपंगांच्या हितासाठीं खर्च करावा असा महाराष्ट्रांत नियम आहे. तो खर्च खरोखर होतो कीं कागदावर राहतो, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारणें ही या सेवेची पहिली पायरी. तिला कोणाच्या नेमणुकीची आवश्यकता नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाही येथें करण्यासारखें कांहीं आहे. देणगी द्यावयापूर्वीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. गेल्या वर्षाचा तपासलेला हिशेब दाखवाल काय? मंडळावर अपंग व्यक्ति किती आहेत? आणि आजचे अध्यक्ष उद्यां नसले तर काम कोण पाहील? ज्या संस्थेला हे प्रश्न विचारल्यानें राग येत नाहीं तिला दिलेला पैसा सत्कारणीं लागण्याचा संभव अधिक. ज्यांना महिन्यांतून एक संध्याकाळ मोकळी काढतां येते त्यांनीं पैशाबरोबर वेळही द्यावा. पण एका वर्षासाठीं नव्हे. पहिलें वर्ष नुसतें समजून घेण्यांत जातें, दुसऱ्या वर्षीं प्रश्न विचारतां येतात, आणि तिसऱ्या वर्षापासून सभासद कामाचा होतो. इतकी सबुरी नसेल तर नांव घालूं नये, हेंच बरें.

पांचामुखीं परमेश्वर बोलतो असें आपले पूर्वज म्हणत. त्यांचा अभिप्राय असा असावा कीं, एकाच्या मुखांतून निघालेलें मत कितीहि चांगलें असलें तरी पांचांनीं तपासल्यावांचून तें न्याय होत नाहीं. अपंगांच्या संस्थांच्या बाबतींत या म्हणीला एक पुस्ती जोडावयास हवी. त्या पांचांत ज्याच्यासाठीं न्याय करावयाचा तो स्वतः बसलेला असावा, आणि उरलेल्या चौघांनीं आपली जागा केव्हां रिकामी करावयाची हें आधींच ठरविलेलें असावें. जे विश्वस्त अशा रीतीनें येतात, राहतात व वेळेवर उठून जातात, त्यांचीं नांवें बहुधा कोठल्याच भिंतीवर कोरलीं जात नाहींत. शाळेची घंटा मात्र रोज ठरल्या वेळीं होते, कोठींत धान्य असतें, आणि बारा वर्षांपूर्वीं बोट धरून आलेलें मूल आपल्या पायांवर, किंवा आपल्या चाकांवर, फाटकाबाहेर पडतें.